एकच ट्रक, चार छापखाने : ठाण्याच्या वागळे इस्टेटमधल्या नोंदी

८ जून २०२४, शनिवार

सकाळी माझ्या छापखान्याच्या गाळ्याचं शटर वर केलं तर रस्त्यात तीन छोटे हत्ती टेम्पो उभे, तिन्हींत कागद. एक माझ्याकडे आलेला, एक समोरच्या काकांकडे, तिसरा मागच्या गल्लीतल्या पत्रिकावाल्या दादांकडे. ड्रायव्हर एकमेकांना ओळखत होते. तिघंही भिवंडीच्या एकाच गोदामातून निघालेले, काल्हेर-कशेळी-बाळकुम करत कापूरबावडीच्या कोंडीत एकामागे एक अडकलेले. भाडं प्रत्येकी २,२०० रुपये. माझ्या गाडीत माल ६४० किलो.

७० जीएसएम (चौरस मीटरला ७० ग्रॅम) मॅपलिथोचा, म्हणजे छपाईच्या साध्या कागदाचा, माझा दर किलोला ७९ रुपये. दादांचं बिल त्यांच्या ड्रायव्हरच्या हातात होतं. मी वाचलं नाही, पण वाचावंसं वाटलं.

गिऱ्हाइकासाठी आम्ही एकमेकांशी झुंजतो, ते ठीक. पण गिऱ्हाइकाला ज्याचं काही देणंघेणं नाही, त्या खर्चातही आम्ही वेगवेगळे का? आजपासून ही वही त्यासाठी. नावं लिहिणार नाही. कामावरून ओळख पुरे.

१२ जून, बुधवार

काकांकडे गेले. बाबांनी आणि काकांनी वागळेत ट्रेडल मशीनवर सुरुवात केली, हाताने अक्षरांचे खिळे जुळवून. तीस वर्षं दोघं स्पर्धक. दसऱ्याला सोनं द्यायला यायचे, एरवी कोणी रस्ता ओलांडायचं नाही. पण बाबा गेले त्या आठवड्यात शाळेच्या प्रश्नपत्रिकांचं आमचं काम काकांनी त्यांच्या मशीनवर छापलं आणि सांगितलं, "बिल तुमच्याच नावाने कर, पोरी." ते मी विसरलेले नाही. म्हणून पहिली त्यांच्याकडेच गेले.

काकांनी ऐकून घेतलं. ते लोणीकडचे. प्रवरानगरचा कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्यांचे वडील सभासद होते. म्हणाले, "आमच्याकडं बांधावरून वर्षानुवर्षं न बोलणारी माणसं एकाच कारखान्याला ऊस घालतात. बोलणं लागत नाही. काटा बरोबर लागतो." मग म्हणाले, "तू काटा कसा ठेवणार ते सांग, मग मी हो म्हणतो."

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तीन दिवस मागून घेतले.

१५ जून, शनिवार

पहिली बैठक, माझ्या गाळ्यात, कटिंग मशीनशेजारी. काका, पत्रिकावाले दादा, मी आणि रोड नंबर २२ कडचा लेबलवाला भाऊ. चौघांची कामं एकमेकांवर चढलेली आहेत. बिलबुकं चौघंही करतो. माहितीपत्रकं मी, दादा आणि भाऊ. हँडबिलं मी आणि काका.

चहा यायच्या आत भाऊ म्हणाला, "बसलोच आहोत तर हजार हँडबिलांचा किमान दर ठरवून टाकू. त्याखाली कोणी घ्यायचं नाही."

मी तिथेच थांबवलं. रात्री वाचून ठेवलं होतं. स्पर्धा कायदा २००२, कलम ३ : स्पर्धकांनी मिळून विक्रीचा दर ठरवला, गिऱ्हाइकं किंवा इलाखे वाटून घेतले, निविदेत संगनमत केलं, तर त्याचा बाजारावर वाईट परिणाम होतो असं कायदा गृहीतच धरतो. आम्ही चार गाळेवाले असलो तरी तेच. एकत्र माल आणून खर्च कमी करणं ही गोष्ट वेगळी. आणि कायदा बाजूला ठेवला तरी माझं म्हणणं हेच आहे. शाळेची मुख्याध्यापिका माझ्याकडून आणि काकांकडून दोन वेगळे दर मागते, तेव्हा ते खरोखर वेगळे असले पाहिजेत. ती कोटेशनं मुलांच्या फीच्या पैशाने चालणाऱ्या शाळेसाठी असतात.

भाऊ जरा हिरमुसला. पण वहीत पहिली ओळ सगळ्यांच्या सह्यांनी लिहिली : विक्रीच्या दराबद्दल या बैठकीत बोलायचं नाही.

२२ जून, शनिवार

काट्याचा प्रश्न वाटला त्याहून खोल निघाला.

कुणाला कोणता कागद किती हवा, हे एकमेकांना कळलं की धंदा उघडा पडतो. दादांनी अचानक ३०० जीएसएम आर्ट कार्ड दुप्पट मागवलं तर मी समजणार, कोणाचे तरी बॉक्स हाती लागलेत. काकांनी २३×३६ इंची मॅपलिथो मोठ्या प्रमाणात उचललं की शाळेचं काम त्यांना मिळालं हे रस्त्यावरच्या चहावाल्यालाही कळेल. वाचलेल्या चार पैशांसाठी हे कोण सांगेल?

तोडगा माझ्या हिशेबनीस बाईंनी सुचवला. त्या आमच्यापैकी कोणाच्याच नात्यागोत्यातल्या नाहीत. प्रत्येकाने मागणीची चिठ्ठी बंद लिफाफ्यात त्यांच्याकडे द्यायची. त्या एकूण बेरीज करून व्यापाऱ्याशी दर बोलणार. व्यापारी प्रत्येकाचं बिल वेगळं करणार. आपापल्या नावाचं बिल जीएसटीच्या वजावटीसाठी तसंही लागतंच. एकाने सगळा माल घेऊन बाकीच्यांना द्यायचा म्हटलं तर ती पुन्हा विक्री झाली, पुन्हा कर, पुन्हा कागदपत्रं. शिवाय एकाच्या नावावर सगळ्यांची उधारी. ते नकोच. ज्याचं बिल १ लाखावर जाईल त्याचं माल वाहतुकीचं ई-वे बिल वेगळं. राज्यातल्या राज्यात आपल्याकडे ती मर्यादा आहे.

गठ्ठ्यावर नाव नाही, फक्त अ, ब, क, ड. कोण कोणतं अक्षर, हे हिशेबनीस बाईंनाच माहीत. उतरवताना आपापला माल दिसणारच, पण निदान तोपर्यंत झाकलेला. आणि बिलबुकात लागणारा साधा कागदच आधी एकत्र आणायचा, खास कागद ज्याचा त्याने, असंही ठरलं. त्यामुळे अर्धी भीती गेली.

हे काकांना सांगितलं. ते म्हणाले, "हां, हा काटा झाला."

५ जुलै, शुक्रवार

पहिला ट्रक. टाटा ४०७, एकूण २,२०० किलो, भाडं ४,८०० रुपये. दर मिळाला ७५ रुपये ५० पैसे, अट पंधरा दिवसांत पैसे.

माल उतरल्यावर काकांनी एक रीम (५०० ताव) काट्यावर ठेवायला लावलं. हिशेब सोपा आहे, लिहून ठेवते. २३×३६ इंच म्हणजे ५८.४×९१.४ सेंटिमीटर, एक ताव साधारण ०.५३४ चौरस मीटर. त्याला ७० ग्रॅमने गुणा, ५०० तावांनी गुणा : १८.७ किलो. काट्यावर आलं १८.२. म्हणजे कागद ७० चा नाही, ६८ च्या जवळ. बिल मात्र १८.७ ने केलेलं.

इतकी वर्षं मी कागद घेतेय, रीम कधी तोललं नव्हतं. तोललं असतं तरी ६४० किलोवाल्या बाईचं कोणी ऐकलं नसतं. आज हिशेबनीस बाईंनी फोन केला. संध्याकाळी व्यापाऱ्याने प्रत्यक्ष वजनाने बिलं बदलून दिली.

६ जुलै, शनिवार

माझा फायदा मांडला. दरात ३ रुपये ५० पैसे, ६४० किलोवर २,२४० रुपये. भाड्याचा माझा वाटा १,३९६, म्हणजे तिथे ८०४ वाचले. एकूण ३,०४४.

पण पूर्वी मला साठ दिवसांची उधारी होती. आता पंधरा दिवसांत ४८,३२० रुपये द्यायचे. बँकेच्या कॅश क्रेडिट कर्जावर १२ टक्के धरले तर पंचेचाळीस दिवसांचं व्याज ७१५. खरी बचत २,३२९. हे बाकीच्यांनाही मांडून दाखवलं, कारण उद्या कोणाला रोकड जड गेली तर "फायदाच फायदा" ऐकून आलेला माणूस चिडेल.

२५ जुलै, गुरुवार

दुसरा ट्रक आजच यायचा होता. पहाटेपासून मुसळधार. हिशेबनीस बाईंनी सकाळी फोन करून विचारलं, थांबवू का? काकांकडे कागद संपलेला, माझ्याकडेही दोनच रीम. येऊ द्या, म्हटलं.

ट्रक दुपारी तीनला पोचला. मागच्या फाळक्याजवळ ताडपत्री फाटलेली. वरून काही दिसत नव्हतं. गठ्ठे उतरवले तेव्हा खालचा वेष्टनाचा कागद हाताला चिकटून आला. अकरा रीम भिजलेली. सात काकांची, चार माझी.

भिजलेला कागद नुसता ओला नसतो. कडा पाणी पिऊन फुगतात, मधला भाग तसाच राहतो, आणि तावाला लाटा येतात. असा ताव मशीनवर चढवला तर तो पकडणाऱ्या ग्रिपरमध्ये सरळ बसत नाही, दुसरा रंग पहिल्यावर बसत नाही. मशीनमनने एक ताव दिव्याखाली धरला, कडेवरून बोट फिरवलं आणि नुसती मान हलवली.

रात्री दहापर्यंत सुटे करून पंख्याखाली पसरले.

२७ जुलै, शनिवार

सात रीम वाचली, कडा कापून लहान मापाच्या पावतीपुस्तकांना चालतील. चार गेली. ७४.८ किलो, ५,६४७ रुपये.

कोणाचा तोटा? वहीत याबद्दल एक अक्षर नाही. ही माझी चूक. कायदा वाचला, जीएसटी वाचला, पाऊस विसरले.

माझं म्हणणं : कोणाचा गठ्ठा फाळक्याजवळ बसला हे हमालाने ठरवलं, आम्ही नाही. तोटा ट्रकचा, तर सगळ्यांचा, ज्याचं जितकं वजन त्या प्रमाणात. दादा लगेच हो म्हणाले. भाऊचा वाटा १५ टक्के, ८४७ रुपये. तो म्हणाला, "माझा कागद कोरडा आहे. ट्रक बोलवायचा हट्ट तुमचा दोघांचा होता. मी कशाला देऊ?"

त्याचं अगदीच चूक नव्हतं. बोलावलं आम्हीच.

२ ऑगस्ट, शुक्रवार

आठवडाभर भाऊ आणि आम्ही बोललो नाही. आज काका स्वतः रोड नंबर २२ ला चालत गेले. काय बोलले ते मला माहीत नाही. संध्याकाळी भाऊने ८४७ रुपये पाठवले आणि खाली लिहिलं, "पुढच्या वेळी पावसात ट्रक बोलवायचा असेल तर चौघांना विचारा." बरोबर आहे. तेही वहीत लिहिलं. दोन मोठ्या ताडपत्र्या सगळ्यांच्या पैशातून घेतल्या, त्या आमच्या आमच्याच राहणार, कोणत्याही टेम्पोवर आम्हीच बांधणार.

१९ ऑगस्ट, सोमवार

रद्दीतही एकत्र आलो. कटिंगची कतरण आतापर्यंत एकाच पोत्यात जायची. पांढऱ्या कतरणीला छापील कतरणीपेक्षा चांगला भाव असतो, पण एका गाळ्याची पांढरी इतकी थोडी की वेगळी ठेवायला जागा आणि धीर दोन्ही पुरत नाही. आता चौघांची पांढरी माझ्या पोटमाळ्यावर. छपाईच्या वापरलेल्या प्लेट्स ॲल्युमिनियमच्या, त्या काकांकडे. भंगारवाला महिन्यातून एकदा, सगळ्यांसमोर तोलून.

१० सप्टेंबर, मंगळवार

प्लेट्स. चौघंही सीटीपीवर (संगणकावरून थेट प्लेट काढणाऱ्या यंत्रावर) प्लेट एकाच बाहेरच्या ठिकाणी काढून घेतो. चार मुलं दिवसातून दोनदा चार मोटारसायकलींवर जातात. आता एकच मुलगा, दोन फेऱ्या, आणि एकत्र प्लेट्सच्या संख्येवर प्लेटमागे १२ रुपये कमी.

अडचण तीच. प्लेट वाचता येते. कोणाचं काम आहे ते उघडं दिसतं. म्हणून प्रत्येकाची प्लेट खाकी कागदात गुंडाळून, चिकटपट्टी लावून, वर फक्त अक्षर. पैसे थोडेच वाचतात. पण मुलांचा वेळ वाचतो, आणि हा वेळ गणेशोत्सवाच्या घाईत मला पैशापेक्षा मोलाचा वाटला.

२४ सप्टेंबर, मंगळवार

आज मुलाने दादांचं पुडकं चुकून माझ्या दारात टाकलं.  चिकटपट्टी निघालेली होती, अक्षर दिसलं नाही, आणि मी पुडकं उघडलं.

मिठाईच्या बॉक्सचं झाकण. चार प्लेट्स, दिवाळीचं डिझाइन. कोपऱ्यात दुकानाचं नाव. नौपाड्यातलं ते दुकान सहा वर्षं माझं गिऱ्हाईक होतं. दोन वर्षांपूर्वी बॉक्समागे वीस पैशांवरून गेलं. कुठे गेलं ते मला कधी कळलं नव्हतं. आज कळलं.

दहा मिनिटं प्लेट तशीच टेबलावर होती. प्लेटवरचं दुकानाचं नाव उजेडात वाकडं केलं की चमकत होतं. दिवाळीला सव्वा महिना आहे. त्या दुकानदाराचा नंबर अजून माझ्या फोनमध्ये आहे. किती बॉक्स असतील याचा अंदाज मला आहे, दर किती लावला असेल याचाही.

पुन्हा गुंडाळली, नवी पट्टी लावली, आणि मुलाला न पाठवता स्वतः मागच्या गल्लीत गेले. दादांना म्हटलं, "चुकून माझ्याकडे आली. मी उघडली. बघितली." दादांनी पुडकं घेतलं, क्षणभर माझ्याकडे बघितलं. "ताई, सांगायची गरज नव्हती," म्हणाले. मी म्हटलं, "होती."

त्या दुकानदाराला फोन केला नाही. पुढच्या वर्षी तो आपणहून दर मागायला आला तर देईन, आणि दादांपेक्षा कमी द्यायचा प्रयत्न करीन. पण आज जे कळलं त्यावरून नाही.

उद्यापासून पट्टी दोन बाजूंनी.

१२ ऑक्टोबर, शनिवार, दसरा

मशीनला झेंडू. काका सोनं घेऊन आले, त्यांच्याबरोबर दादा आणि भाऊही. दसऱ्याला चौघं एकत्र पहिल्यांदाच.

१६ ऑक्टोबर, बुधवार

कालपासून विधानसभेची आचारसंहिता. २० नोव्हेंबरला मतदान. अर्ज मागे घ्यायची शेवटची तारीख ४ नोव्हेंबर, म्हणजे अपक्षांना चिन्हं त्यानंतर. खरी छपाई ५ ते १७ नोव्हेंबर, त्यात भाऊबीजेनंतर गावाहून न परतलेले कामगार.

बैठकीत काम वळवण्याचे नियम केले. एकाचं मशीन बंद पडलं किंवा पेललं नाही तर दुसऱ्याने छापून द्यायचं. यंत्राचं भाडं तासावर, चौघांना आधीच माहीत. वळवलेल्या कामातून गिऱ्हाइकाची जी माहिती कळेल ती वापरून त्याच्या दारात जायचं नाही. गिऱ्हाईक स्वतःहून आलं तर मोकळीक. हे वाक्य लिहिताना मी मिठाईच्या बॉक्सबद्दल काही बोलले नाही. दादांनी मात्र ते वाक्य दोनदा वाचायला लावलं.

९ नोव्हेंबर, शनिवार

रात्री साडेआठला पाण्याच्या रोलरचं बेअरिंग गेलं. चाळीस हजार हँडबिलं, सकाळी अकराला द्यायची. बेअरिंग उद्या दुपारपर्यंत मिळणार नाही.

काकांना फोन. "घेऊन ये," इतकंच.

प्लेट्स आणि कागद ढकलगाडीवर घालून रस्ता ओलांडला. काकांनी प्लेट दिव्याखाली धरली आणि तळाशी बोट ठेवलं. तळाशी माझ्या प्रेसचं नाव आणि पत्ता.

लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ अ : निवडणुकीच्या प्रत्येक पत्रकावर मुद्रकाचं आणि प्रकाशकाचं नाव-पत्ता हवा. प्रकाशकाने दोन प्रतींत सही केलेलं घोषणापत्र द्यायचं, त्याला ओळखणाऱ्या दोघांच्या साक्षीने, आणि छापल्यावर त्याची प्रत पत्रकासह जिल्हाधिकाऱ्यांकडे मुद्रकाने पाठवायची. मोडलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद, दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. छापणार काका, तर मुद्रक काका. माझं नाव खोटं ठरलं असतं.

उमेदवाराचा माणूस फोनवर ओरडला, "नाव कोण वाचतंय?" काका माझ्या हातातून फोन घेऊन शांतपणे म्हणाले, "मी वाचतो." तो माणूस साडेदहाला दोन साक्षीदारांसह नवं घोषणापत्र घेऊन आला. सीटीपीवाल्याने रात्री अकराला तळाची ओळ बदललेली प्लेट काढून दिली.

बाराला मशीन सुरू झालं. पहिल्या पन्नास तावांत शाई जास्त, पाणी कमी. काकांनी आवाजावरूनच ओळखलं, नॉब अर्धा घर फिरवला आणि ताव स्वच्छ येऊ लागला. वर माझं गिऱ्हाईक, खाली काकांच्या प्रेसचं नाव. पहाटे साडेचारला शेवटचं बंडल बांधलं. बाबा असते तर त्यांनी ते नाव वाचलं असतं, आणि मला वाटतं, त्यांना वाईट वाटलं नसतं.

२५ नोव्हेंबर, सोमवार

काकांचं यंत्रभाडं दिलं. चहासुद्धा बिलात नाही म्हणून मी भांडले, त्यांनी ऐकलं नाही.

१४ डिसेंबर, शनिवार

भाऊ बाहेर पडतोय. त्याचं काम आता जवळपास सगळं गमशीटवर (मागे डिंक असलेल्या कागदावर), मॅपलिथो लागतच नाही. भांडण नाही. हिशेबनीस बाईंनी त्याचा ताडपत्रीतला आणि भंगारातला वाटा काढून दिला, त्याने मोजून घेतला आणि वहीत सही केली. प्लेट्सच्या फेरीत तो राहणार आहे.

आता तिघं. वजन घटलं तर दर पुन्हा वर जाईल. व्यापाऱ्याने आजच विचारलं, दोन टन होतील ना? किसननगरकडच्या एका प्रेसवाल्या ताईंशी बोलते आहे. त्यांची पहिली शंका तीच, माझी मागणी कोण बघणार? त्यांना वही वाचायला दिली, २७ जुलैच्या पानासकट.

पुढच्या ट्रकसाठी चिठ्ठ्या गोळा झाल्या. काकांचा लिफाफा आला. कडेला डिंक लावून, वर आडवी सही करून बंद केलेला, जूनमध्ये होता तसाच. मी तो न उघडता हिशेबनीस बाईंच्या खणात ठेवला. सोमवारी सकाळी सहाला भिवंडी. दोन्ही ताडपत्र्या आज रात्रीच काढून ठेवायच्या.